मिरची खाणाऱ्या कोंबड्या

भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालक काय विचारतो? नोकरी कुठे, माणसं किती, पाणी किती लागेल. मला त्यांनी विचारलं, "हा कोणता पिवळा?"

त्यांच्या हातात पांढरी बशी होती आणि बशीत नुकतंच फोडलेलं कच्चं अंडं. मी बोईसरच्या हायस्कुलात सायन्स शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, जवळच्या पाम गावात आपले निवृत्त ड्रॉइंगमास्तर राहतात, त्यांच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, माणूस सज्जन आहे. मग जरा थांबून, "सज्जनच आहे," असं ते पुन्हा म्हणाले होते. त्या थांबण्याचा अर्थ मला आत्ता कळला.

"पिवळा," मी म्हणाले.

"पिवळा म्हणजे?"

"म्हणजे... पिवळा पिवळा."

त्यांनी घराकडे मान वळवून हाक मारली, "ऐकलंस का गं? बाई सायन्सच्या आहेत."

आतून आवाज आला, "आधी खोली दाखवा. आल्यापासून उन्हात उभी केलीय पोरीला."

हा आवाज काकूंचा. त्या घरात शहाणपणाचं जे काही व्हायचं, ते आतून यायचं.

गाव त्यांना मास्तर म्हणायचा, मी सर म्हणायची. त्यांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. मी 'सायन्स'. "सायन्स, जरा इकडे या. सायन्स, हे चाटून बघा. सायन्स, तुमच्या पुस्तकात शिंपल्याबद्दल काय लिहिलंय?" पुस्तकात शिंपल्याबद्दल काहीही लिहिलेलं असलं, तरी त्यांना ते अपुरं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, सर कोंबड्यांत जाऊन बसले. घरामागे चिकूच्या झाडांना लागून त्यांनी एक लांबट शेड उभारली होती. आत पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या, अंड्यावरच्या. सर म्हणायचे, अंडं कोंबडी करते हा लोकांचा गैरसमज आहे. कोंबडी फक्त कालवते. रंग आपण द्यायचे.

तांदळाची कणी, कोंडा, मका, शेंगदाण्याची पेंड हे सगळेच घालतात, सरही घालत. पण त्याच्यावर जे घालायचं त्यात त्यांचा जीव. त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं 'वरचं'. "जेवणाने कोंबडी जगते, सायन्स. वरच्याने अंडं होतं." सुकट, शेवग्याचा पाला, शिंपल्यांचा चुरा, औषधाच्या दुकानातल्या शक्तीच्या गोळ्या पाण्यात विरघळवून, आणि त्या त्या दिवशी सकाळी उठल्यावर जे सुचेल ते.

शिंपले आणि सुकट आणायची हिराबाय. तारापूरच्या किनाऱ्याकडची कोळीण, डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि ओट्यावर पाटी उतरवल्याबरोबर बोलायला लागायची.

"मास्तर, आमच्या घरात चुऱ्याचं कालवण न् तुमच्या कोंबड्या निवडलेली सुकट खातात. पुढच्या जन्मी मी तुमची कोंबडी होनार हाय."

"होशील गं, पण अंडं रोज द्यावं लागेल," सर तितक्याच गांभीर्याने म्हणायचे.

एकदा सुकट अंमळ जास्त झाली आणि अंड्यांना वास यायला लागला. साधासुधा नव्हे. ऑम्लेट टाकलं की शेजारची मांजरं दाराशी येऊन बसायची. बोईसरच्या कॉलनीत आमची अंडी जायची, तिथल्या घरांनी ती परत पाठवली. हिराबायने मात्र चारसहा पदरात बांधून नेली. म्हणाली, "येका अंड्यात दोन जेवनं होतात."

शिंपले सर स्वतः कुटायचे, पहाटे, दगडी उखळात. त्या आवाजाने मी उठायची. मग गोळा केलेलं एकेक अंडं हातात घेऊन ते स्वतःच्या कपाळावर हलकेच आपटायचे आणि कान देऊन ऐकायचे. कवचाची परीक्षा. आवाज मनासारखा आला की म्हणायचे, "टण्ण." नाही आला की कपाळ पुसायला पंचा खांद्यावर असायचाच.

याच काळात काकूंचे गुडघे दुखायला लागले. सरांनी विचार केला की कवच काय आणि हाड काय, चुना तो चुनाच. त्यांनी वस्त्रगाळ शिंपला ताकातून काकूंना द्यायला सुरुवात केली. काकूंनी वाद घातला नाही. भांडं तोंडाला लावल्यासारखं करायच्या आणि पाठीमागे जाऊन कोंबड्यांच्या पन्हाळीत ओतून यायच्या. म्हणजे कोंबड्यांना आपला वाटा मिळायचा आणि वर काकूंचाही. महिन्याभरात बोईसर स्टेशनाबाहेरचा भुर्जीवाला सायकल मारत घरी आला. तो उत्तरेकडचा, आमची बरीचशी अंडी तोच घ्यायचा.

"मास्टरजी, आपका अंडा तोडने को हथौडी लगता है. मेरा चम्मच टेढा हो गया."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहिलंस?" ते काकूंना म्हणाले. "आणि तुझे गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत," काकू म्हणाल्या. "आता बंद करू या."

पण वास आणि कवच या हातच्या गोष्टी होत्या. सरांचा ध्यास वेगळाच होता, तो बलकाचा. बत्तीस वर्षं पोरांना सूर्यास्ताची चित्रं शिकवून त्यांची खात्री झाली होती की कागदावर सूर्यास्त जमत नाही, कारण रंग वरून बसतो, आतून येत नाही. आतून रंग येणारी एकच वस्तू त्यांना ठाऊक होती. अंड्याचा पांढरा भाग ते खायचे, बलक कधीच नाही. तो बघून झाला की माझ्या ताटात यायचा. "रंग खायचा नसतो," असं म्हणत ते तो वाढायचे. मी जितके बलक त्या घरात खाल्ले, तितके नंतर जन्मात खाल्ले नाहीत.

आणि प्रत्येक बलक बघून त्यांचं एकच मत असायचं. फिका आहे.

झेंडूने बलकाला रंग चढतो हे खरंच आहे. सरांनी ते कुठेतरी वाचलं आणि त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक पोतं माझ्या हातात देऊन, एक आपल्या खांद्यावर टाकून ते निघाले. दारोदारची सुकलेली तोरणं, ट्रकच्या तोंडावरचे हार, मारुतीच्या देवळातलं निर्माल्य. गाव संपल्यावर आम्ही बोईसरच्या कारखान्यांकडे वळलो, कारण खंडेनवमीला तिथे एकूण एक यंत्राला हार घालतात.

एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने अडवलं. "किससे मिलना है?"

"यंत्रांना," सर म्हणाले.

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हार चाहिए. पुराना हार. मुर्गी के लिए."

तो आत गेला आणि कुणालातरी विचारून आला. आत काय बोलणं झालं देव जाणे. पण परत आला तेव्हा त्याच्यासोबत दोन कामगार होते, हातात हारांची रास, आणि चेहऱ्यावर असा भाव, की कुठल्याशा कोंबडीला पारितोषिक मिळालंय आणि आपल्यालाच बातमी कळलेली नाही.

पाकळ्या वाळवून, कुटून सरांनी पत्र्याचे डबे भरले. दिवाळी संपेस्तोवर आमचे बलक नारिंगी झाले. मला वाटलं, झालं, आता हे समाधान पावतील. छे. त्यांनी फर्मान काढलं की तुलना प्रत्यक्ष सूर्याशी झाली पाहिजे.

काकूंचं माहेर केळव्याचं. एका रविवारी आम्ही तिघं तिथे गेलो. भाच्यांची विचारपूस, चहा, पोहे होऊन संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर आलो. काकूंच्या पिशवीत भाताच्या तुसात गुंडाळलेली अंडी. सूर्य पाण्याला टेकायला आला तसे सर वाळूत गुडघ्यांवर बसले. त्यांनी बशीत अंडं फोडलं, बशी दोन्ही हातांनी सूर्यासमोर धरली आणि एक डोळा मिटला.

मुंबईहून सुट्टीला आलेलं एक कुटुंब जवळ येऊन थांबलं. त्यातल्या गृहस्थांनी दबक्या आवाजात काकूंना विचारलं, "काही विधी आहे का?"

"हो," काकू म्हणाल्या. "दरवर्षी नाही, यंदाच आहे."

त्यांच्या बायकोने चपला काढल्या आणि बशीला नमस्कार केला. मग मुलालाही करायला लावला. मागोमाग आणखी दोघीतिघी आल्या. सर मागे वळून बघायला तयार नव्हते. सूर्य बुडेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.

"कसा आहे?" मी विचारलं. मला तर सूर्यच त्या बशीपुढे मलूल वाटत होता.

"फिका," ते उठता उठता म्हणाले. "अजून बराच फिका."

उन्हाळा लागला तसा झेंडूचा साठा संपला. सरांचा चेहरा उतरला. नेमक्या त्याच सुमारास काकूंनी वर्षाच्या मसाल्याची मिरची आणली. काश्मिरी आणि बेडगी. निवडली, देठं काढली, अंगणात जुन्या लुगड्यावर पसरून कडकडीत वाळवली. ती मिरची मसाल्याला द्यायच्या आधी त्यांना केळव्याला भाचीच्या लग्नाला जावं लागलं. जाताना मला म्हणाल्या, "घराकडे लक्ष ठेव गं." मला वाटलं, चोरांकडे.

शाळेला सुट्टी होती तरी माझ्याकडे दहावीचे पेपर तपासायला आले होते. मी डोकं वर काढलं तेव्हा अंगणातलं लुगडं रिकामं होतं आणि सरांच्या शेडमधून शिंकांवर शिंका ऐकू येत होत्या. शिंका सरांच्या. कोंबड्या मजेत होत्या.

"सर, हे काय केलंत?"

"पक्ष्यांना तिखट लागत नाही, सायन्स," ते डोळे पुसत म्हणाले. "तुमच्याच पुस्तकात आहे. रंग जातो, तिखट कळत नाही. देवाने मिरची माणसासाठी केलेलीच नाही."

हे बरोबर होतं. तिखट कोंबड्यांना खरंच लागत नाही. पण काकूंना लागतं. त्या लग्नाहून आल्या आणि लुगड्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी लुगडं झटकलं, घडी घातली, आत गेल्या. त्या दिवसापासून जेवणात मीठ, हळद आणि शांतता एवढंच असायचं.

बलक मात्र लाल झाला. मी अतिशयोक्ती करत नाही. नारिंगीच्या पुढे जाऊन, पिकल्या टोमॅटोच्या अलीकडे कुठेतरी थांबलेला रंग. सरांनी तो बराच वेळ पाहिला. "आता जरा बरा दिसतोय," एवढंच म्हणाले आणि अंडी भुर्जीवाल्याकडे गेली.

स्टेशनाबाहेर भुर्जीच्या गाडीवर त्या संध्याकाळी एक कामगार उभा होता. तो रंगाच्या कारखान्यातला. त्याचे स्वतःचे हात मनगटापर्यंत गुलाबी होते, ते कितीही धुतले तरी तसेच राहत. त्याच्यासमोर तव्यावर लालभडक भुर्जी झाली. त्याने आपल्या गुलाबी हाताने ती ताटली दूर सारली आणि म्हणाला, "ये कुछ गडबड है. ये भट्टी का असर है."

भट्टी म्हणजे समुद्राकाठची अणुभट्टी. त्या बिचारीचा यात काडीचा संबंध नव्हता. पण आमच्या भागात ज्या गोष्टीचं कारण कळत नाही, तिला एक हक्काचं कारण त्या बाजूला उभं होतं. दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजारात बोललं जाऊ लागलं की पामच्या कोंबड्यांना किरण लागले. तिसऱ्या दिवशी उमरोळीपर्यंत पोचलं, तोवर कोंबड्या अंधारात चमकायला लागल्या होत्या. पालघरला पोचलं तेव्हा त्यांना चार पाय फुटले होते.

भुर्जीवाला हात जोडून आला. "मास्टरजी, पब्लिक भाग गया. दूसरों का अंडा भी नहीं खाता."

इथपर्यंत मलाही हसू येत होतं. मग एक दिवस जानी आली. पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून ती बाजाराला गावठी अंडी आणायची, पावसाच्या आधी घरात धान्य भरायला तिला तेवढाच आधार. भरलेली टोपली तिने ओट्यावर ठेवली आणि स्वतः खाली पायरीवर बसली.

"मास्तर, माजी अंडी पन कोनी घेत नाय. माजी कोंबडी त रानात फिरते. तिला कसले किरन?"

सर उठून आत गेले. आतल्या आत दोन फेऱ्या मारून बाहेर आले. त्यांना असं घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "तुझी अंडी इथे ठेव," ते म्हणाले. "आणि रोज आण. मी बघतो काय करायचं ते."

पण बघायच्या आधीच मारुतीच्या देवळासमोर गाव जमला. सरपंच समंजस माणूस, पण त्याच्या मागे माणसं उभी होती. त्यांचं म्हणणं सोपं होतं. मास्तरांच्या कोंबड्या मारून खोल पुरून टाकायच्या, वर चुना घालायचा, म्हणजे बाकीच्यांचा बाजार तरी सुटेल.

"लाल कुठे आहे?" सर बशीत फोडलेलं अंडं पुढे करून कळवळून म्हणाले. "थोडासा केशरी आहे. डोळे उघडून बघा!"

गावाने डोळे उघडून बघितलं आणि गाव दोन पावलं मागे सरला.

तेव्हा सरांनी मुदत मागितली. ते प्रयोग करून दाखवणार होते. अर्ध्या कोंबड्या एका बाजूला, त्यांना मिरची चालू. अर्ध्या दुसऱ्या बाजूला, त्यांना मिरची नाही, झेंडू नाही, मका नाही, हिरवा पाला नाही, फक्त तांदळाची कणी आणि पांढरी ज्वारी, वर सुकट नि शिंपला. पंधरवड्यानंतर सर्वांसमोर दोन्हीकडची अंडी फोडायची. रंग खाण्यातून येतो हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होईल. सरपंच कबूल झाला. मीही मान डोलावली. प्रयोगात चूक काढायला जागाच नव्हती.

मधल्या काळात पालघरहून जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. कोंबड्या उत्तम आहेत, म्हणाले. हे गावाला सांगाल का, असं विचारल्यावर म्हणाले, मी इथे आलो होतो हेच कुणाला सांगू नका.

ठरल्या दिवशी देवळासमोर पुन्हा सगळे जमले. या वेळी बायकाही आल्या होत्या, हिराबाय पाटी घेऊन, जानी एका कडेला. सरांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. टेबलावर पांढऱ्या थाळ्या. त्यांनी मिरचीवाल्या बाजूचं अंडं फोडलं. लाल. माणसं कुजबुजली. मग दुसऱ्या बाजूचं फोडलं.

तो बलक जवळजवळ पांढरा होता. पिठल्यात बेसन विसरलं तर जसं दिसेल तसा.

"पाहिलंत?" सर विजयाने म्हणाले.

गावाने पाहिलं होतं. मग मागून एक म्हातारा ओरडला, "आयला! हिच्यातलं त रगतच शोषून घेतलंय!"

आणि पळापळ झाली. लाल बलकाला घाबरलेली माणसं पांढऱ्या बलकाला चौपट घाबरली. दोघातिघांनी फावडी उचलली. सर मधे उभे राहून "कॅरोटीन! कॅरोटीन!" असं ओरडत होते, आणि ते कुणाचं नाव आहे हे न कळल्याने लोक आणखीच बिचकले. मी पुढे होऊन समजावायला गेले, तर सरपंच म्हणाला, "बाई, तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही रोज तेच खाता. तुमची आधी तपासणी करू."

तेवढ्यात देवळाच्या पायरीवरून आवाज आला. "बास!"

काकू होत्या. पदर खोचलेला. महिनाभर त्या घरात मीठ-हळदीवर गप्प होत्या, ते सगळं आता वर आलं होतं.

"किरण नाही न् बिरण नाही! माझी मिरची आहे ती! वर्षाची मिरची! देठं काढून काढून बोटांची आग झाली होती माझ्या. भाचीच्या लग्नाला घराबाहेर पाऊल टाकलं, तर या माणसाने सगळी मिरची कोंबड्यांना खाऊ घातली. आणि वर मला सांगतो, त्यांना तिखट लागत नाही!"

गाव थबकला. फावडी हवेत थांबली.

हिराबायने पाटी खाली ठेवली. "सगली?" तिने विचारलं.

"सगळी."

"काश्मिरी पन?"

"काश्मिरी पण. बेडगी पण. एक उरली असेल तर शपथ."

"न् मग मसाला?"

"कसला मसाला! महिना झाला, मीठ-हळदीवर रांधतेय. या वयात!"

बायकांमधून एक सुस्कारा उठला. असा सुस्कारा मी पुढे कुणाच्या मयतालाही ऐकला नाही. मग हिराबाय सरांसमोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"मास्तर, लाज नाय वाटली? घरच्या बायकोच्या तोंडचा मसाला कोंबडीला घातला? अंडं लाल व्हनार नाय तर काय व्हनार? ती काय तुमच्यासारकी दगड हाय? मिरची खाल्ली त लाल झाली!"

झालं. किरण संपले. ज्या गोष्टीला प्रयोग पुरला नव्हता, ती चार बायकांना एका क्षणात पटली. बघता बघता सगळ्या बायका सरांभोवती जमल्या आणि पुरुष, ज्यांच्या हातात फावडी होती, ते ती मागे लपवून हळूच निसटायला लागले. पांढऱ्या बलकाचं काय, असं कुणी विचारलंच नाही. एकीने परस्पर सांगून टाकलं, "ती दुसऱ्या बाजूची कोंबडी उपाशी ठेवली ना मेल्याने, म्हनून फिकी पडली."

ही हकिकत त्या दिवशीच्या एसटीने बोईसरला गेली आणि किरणांच्या अफवेपेक्षा वेगाने पसरली, कारण तिच्यात नवरा-बायको होते. जानीची टोपली पुढच्या बाजारी रिकामी झाली. भुर्जीवाला तर ओरडून विकायला लागला, "मिर्चीवाला अंडा! मसाला अंदर से!" आणि पाममध्ये पुढे कितीतरी उन्हाळे अशी रीत पडली की अंगणात मिरची वाळत असली आणि सर रस्त्याने येताना दिसले, की घरातलं कुणीतरी बाहेर येऊन मिरचीशेजारी बसायचं.

सर मात्र दुखावले. ते काकूंशी माझ्यामार्फत बोलायला लागले. "सायन्स, त्यांना सांगा, चहा झाला असेल तर पाठवा." काकू तिथेच समोर बसलेल्या असायच्या.

"सर, कोंबड्या वाचल्या ना," मी एकदा म्हणाले.

"वाचल्या. पण कशाने वाचल्या? मी पुरावा मांडला, तर फावडी निघाली. तिने भांडण मांडलं, तर पटलं." ते शेडकडे बघत राहिले. "मी बत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो, नीट बघायला शिका. नीट बघून काहीच होत नाही, सायन्स."

त्यावर काकू उठल्या, आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप त्यांच्या हातात देताना म्हणाल्या, "झेंडू घाला तुम्हाला हवा तेवढा. मिरचीला हात लावाल तर याद राखा." हा तह झाला. सर पुन्हा थेट बोलायला लागले.

पुढे दोनेक वर्षांत त्यांना एसटीवरची पाटी वाचता येईना. ते म्हणायचे, हल्ली पाट्याच नीट रंगवत नाहीत. एकदा त्यांनी पांढऱ्या मांजराला शेडमध्ये कोंडून त्याला शिंपल्याचा चुरा वाढला, तेव्हा काकूंनी ऐकलं नाही. पालघरला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, तिथे त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वर्गात बाकं हलवून खाटा मांडल्या होत्या. पट्टी सोडून जाड भिंगाचा चष्मा दिला, त्या दिवशी मी आणि काकू त्यांना आणायला गेलो.

ते आधी भिंतीकडे बघत राहिले. मग काकूंच्या साडीकडे.

"निळी आहे," ते म्हणाले.

"निळीच आहे."

"ही हिरवी होती."

"घेतली तेव्हापासून निळी आहे."

डॉक्टर शेजारच्या खाटेपाशी होते. ते हसत म्हणाले, होतं असं. मोतीबिंदू वर्षानुवर्षं हळूहळू पिकतो, डोळ्यात पिवळट काच बसवल्यासारखी होते. निळं हिरवं दिसतं, पिवळं असेल ते नुसतं फिकं वाटतं. माणसाला पत्ता लागत नाही, कारण काच एका दिवसात येत नाही.

घरी आल्यावर सर चप्पल न काढता थेट शेडमध्ये गेले. मी मागोमाग गेले. कोंबड्यांकडे बघून म्हणाले, "या एवढ्या पांढऱ्या आहेत?" मग खाद्याची पन्हाळ बघितली. झेंडूच्या चुऱ्याने ती देवीच्या उत्सवासारखी भगभगत होती. त्यांनी मूठभर खाद्य उचललं, चष्म्याजवळ नेलं आणि हळूच परत ठेवलं.

काकूंनी तोवर अंडी उकडली होती. एक सोलून, मधोमध कापून त्या बाहेर घेऊन आल्या. सरांनी डावा डोळा झाकला आणि नव्या डोळ्याने पाहिलं. उजवा झाकला आणि जुन्या डोळ्याने पाहिलं. मग पुन्हा डावा. पुन्हा उजवा. जुन्यातून लिंबू, नव्यातून अंगार. बराच वेळ ते तसे अंगणात उभे होते, आळीपाळीने डोळे झाकत, आणि रस्त्याने जाणारी माणसं, सर आपल्यालाच डोळा मारतायत असं समजून लांबून जात होती.

"एवढं भडक?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. "इतकी वर्षं हे असं होतं? सगळ्यांना दिसत होतं?"

"दिसत होतं की," काकू म्हणाल्या.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

काकूंनी मिठाची चिमूट अंड्यावर टाकली.

"काय सांगायचं? आम्हाला वाटलं, चित्रकाराला असंच दिसत असेल."